ठाणे-नवी मुंबईतल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंबांसाठी: बाळाच्या मिलापासून (सुंतेपासून) पुण्यतिथीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ठाणे, कळवा, घोडबंदर रोड, ऐरोली, वाशी, खारघर इथल्या घरांतून सतत येतात. बहुतेक अडचणी उशिरा कळवल्यामुळे होतात. घरातली गोष्ट सिनेगॉगला (आपल्या प्रार्थनागृहाला) वेळेवर कळली, तर मोहेल (मिला करणारे), साक्षीदार, दहा माणसं, खांदा द्यायला हात, सगळं उभं राहतं. जिथे घराण्याघराण्याचा रिवाज वेगळा आहे, तिथे हजानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारून ठरवावं.

1. आम्ही नुकतेच खारघरला राहायला आलो. सिनेगॉगशी नातं कुठून सुरू करायचं?

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ 1879 सालचं शआर हाशामाईम आहे, पनवेलला 1849 सालचं बेथ एल. जिथे जाणं तुम्हाला खरोखर जमेल ते धरा. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी नमाजला या, ओळख तिथे आपोआप होते.

येताना एका कागदावर एवढं लिहून आणा: घरातल्या प्रत्येकाचं हिब्रू नाव वडिलांच्या नावासह (मोशे बेन याकोव, रिव्का बाथ शेलोमो अशा पद्धतीने), जन्मतारीख आणि जन्म सूर्यास्ताआधीचा की नंतरचा, आईवडिलांच्या केतुब्याची (लग्नाच्या कराराची) प्रत, आणि गेलेल्या माणसांच्या तारखा. हा कागद नसला की मिला, बार मिस्वा (मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावरचा विधी), लग्न, हश्काबा (गेलेल्यांसाठीची प्रार्थना) या प्रत्येक वेळी आजीला इस्रायलला फोन लावावा लागतो, आणि आजी कायम असणार नाही.

1948 नंतर आपल्यातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. आज देशातली बेने इस्राएलांची सगळ्यात मोठी वस्ती ठाण्यात असली, तरी एकेका घरात काका, मामा, आत्या असे सगळे इथे असतील असं राहिलेलं नाही. त्यांची कामं सिनेगॉगमधल्या माणसांनी करायची असतात. यात संकोच वाटून घेऊ नका.

2. मिनियानसाठी माझ्या एकट्याच्या येण्याने काय फरक पडतो?

तेरा वर्षं पूर्ण झालेले दहा ज्यू पुरुष जमले की मिनियान होतं. नऊ असले तर कद्दीश (गेलेल्यांसाठी घरच्यांनी म्हणायची प्रार्थना) म्हणता येत नाही, सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) बाहेर काढून वाचता येत नाही, लग्नाचे सात आशीर्वादही म्हणता येत नाहीत. नऊ जण बसून राहतात आणि वडील गेलेला मुलगा कद्दीश न म्हणता घरी जातो. फरक एवढा पडतो.

घरी कार्यक्रम असेल तर दहांना बोलावून दहा येत नाहीत. तेरा-चौदा जणांना वेळ द्या, आणि पावसाळ्यात त्यातले निदान सहा लोकलने न येणारे, जवळ राहणारे निवडा. मिलाला किंवा मलिद्याला (गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून करायच्या प्रार्थनेला) मिनियान नसेल तर कार्यक्रम थांबत नाही, फक्त कद्दीशसारखे भाग गाळले जातात.

3. मुलगा झाला. आठवा दिवस कसा मोजायचा?

जन्माचा दिवस पहिला धरायचा. मंगळवारी दुपारी जन्म झाला तर मिला पुढच्या मंगळवारी. मात्र आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे मंगळवारी रात्री आठला झालेलं बाळ बुधवारचं, मिलाही बुधवारी. ठाण्यात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात-वीसच्या आसपास. म्हणून हॉस्पिटलमध्ये जन्माची वेळ मिनिटासकट लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर ती कधी कधी नुसतीच अंदाजे असते, लेबर रूमच्या नोंदीतली बघा.

सूर्यास्त ते तारे दिसेपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं संशयाची मानतात. त्या वेळातल्या जन्माला दिवस पुढचा धरतात. मिला दिवसाउजेडीच होतो, सूर्य उगवल्यानंतर आणि शक्यतो सकाळी.

4. बाळाला कावीळ आहे, किंवा सिझेरियन झालंय, किंवा आठवा दिवस शनिवारी येतो. मग?

तिन्ही वेगळी प्रकरणं आहेत.

कावीळ: अंग पिवळं असताना मिला करत नाहीत. पिवळेपणा गेला, डॉक्टर आणि मोहेल दोघांनी होकार दिला की लगेच करता येतो. पण ताप, जंतुसंसर्ग असं सगळ्या शरीराचं दुखणं झालं असेल, तर बरं झाल्यापासून पूर्ण सात दिवस थांबायचं. बिलिरुबिनचा आकडा मोहेलना फोनवर सांगा, ते विचारतातच. घराण्यात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर न विचारता सांगा.

शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस): नैसर्गिक प्रसूतीने शनिवारी दिवसा झालेल्या निरोगी बाळाचा मिला पुढच्या शनिवारीच होतो. मोहेल मात्र शब्बाथला प्रवास करत नाहीत. ते बाहेरगावचे असतील तर शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी त्यांना चालत येता येईल अशा अंतरावर मुक्कामाला आणावं लागतं. ही सोय सिनेगॉगजवळ राहणारं एखादं घर करतं. बुधवारपर्यंत सांगितलंत तरच.

सिझेरियन: सिझेरियनने शनिवारी झालेल्या बाळाचा मिला शब्बाथला होत नाही, रविवारी होतो. शुक्रवारी संधिप्रकाशात जन्मलेल्याचाही रविवारी. आणि कोणत्याही कारणाने पुढे ढकललेला मिला शब्बाथला किंवा सणाच्या दिवशी धरत नाहीत.

5. मिलाच्या दिवशी कोणी काय आणायचं?

घरच्यांनी: पांढरी उशी, दोन-तीन धुतलेले सुती कपडे, जास्तीचे लंगोट, किद्दुशचं (आशीर्वाद म्हणून प्यायचं) सरबत (प्रश्न 8), मलिद्याचं सामान. बाळाला तास-दीड तास आधीच पोटभर पाजून घ्या. अगदी आयत्या वेळी पाजलं तर ओकतं, आणि उपाशी ठेवलं तर बाळाचं नाव घोषित होईपर्यंत कुणाला काही ऐकूच येत नाही.

सिनेगॉगकडून: एलियाहू हन्नाबींची (संदेष्टे एलिया यांची) खुर्ची. बाळाला आधी त्या खुर्चीवर ठेवतात, मग सांदाकच्या (मिलाच्या वेळी बाळाला धरून बसणाऱ्याच्या) मांडीवर. सांदाक म्हणून आजोबा बसतात. आजोबा इथे नसतील तर समाजातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना आठवड्याआधी विचारा. तो मान आहे, नाही म्हणणारे क्वचित भेटतात. नाव मिलानंतरच जाहीर होतं, तोवर व्हॉट्सअपवर पाठवू नका.

पहिल्या चोवीस तासांत लंगोटावर थोडे डाग पडतात. रक्त थांबत नसेल किंवा बाळाला आठ तासांत लघवी झाली नाही, तर मोहेलना आणि डॉक्टरांना लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

6. मुलीचं नाव ठेवायला ठरावीक दिवस आहे का?

नाही. बारशाला घरी पाळण्यात घालून ठेवा, आणि येणाऱ्या एखाद्या शब्बाथला वडिलांना सेफेर तोराजवळ बोलावतात तेव्हा आशीर्वादात तेच नाव घेतलं जातं. हिब्रू नाव हजानना आधी लिहून द्या. मुलीच्या वेळी लोक कमी बोलावले जातात हे आम्हाला खटकतं. मलिदा तिचाही तेवढाच थाटात करा.

7. पहिला मुलगा आहे. पिदयोन हाबेन (पहिल्या मुलाला चांदी देऊन सोडवून घेण्याचा विधी) करावं लागेल का?

आईचं पहिलंच अपत्य, मुलगा, आणि नैसर्गिक प्रसूती, हे तिन्ही असेल तर हो, एकतिसाव्या दिवशी. सिझेरियन झालं असेल, आधी गर्भपात झाला असेल (किती महिन्यांचा ते हजानना सांगा), किंवा आईचे वा बाळाचे वडील कोहेन (पुरोहित घराण्यातले) अथवा लेवी (त्यांच्या सहायकांच्या घराण्यातले) असतील तर विचारून घ्या, बहुतेक वेळा करावं लागत नाही. त्यासाठी साधारण 100 ग्रॅम शुद्ध चांदी लागते. नोट किंवा चेक चालत नाही. कोहेन लागतो आणि तो इथे सहज मिळत नाही, म्हणून बाळ दहा दिवसांचं होईपर्यंत विचारणा करा.

8. पन्नास माणसांच्या मलिद्याला किती सामान लागतं? आमचा नेहमी पाणचट होतो.

पन्नास जणांना: जाडे पोहे 2 किलो, नारळ 5, साखर 1 किलो, वेलची 20 ग्रॅम, काजू, बदाम, बेदाणे प्रत्येकी 200 ग्रॅम, चिमूटभर मीठ. सोबत खजूर आणि केळी धरून पाच प्रकारची फळं, आणि वासासाठी गुलाब किंवा सब्जाची ताजी डहाळी.

पाणचट होण्याची कारणं दोन. पोहे भिजत घातले जातात, आणि साखर फार आधी मिसळली जाते. पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, निथळत वीस मिनिटं ठेवा, हाताने मोकळे करा. दाबल्यावर दाणा मोडला पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये. साखर आणि खोबरं प्रार्थनेच्या फार तर अर्धा तास आधी मिसळा, कारण साखर पोह्यातलं आणि नारळातलं पाणी ओढून घेते. एप्रिल-मेमध्ये खोवलेला नारळ दोन तासांत आंबूस होतो, फ्रीजमध्ये ठेवा आणि शेवटी घाला.

तूप किंवा दूध घालू नका. नंतर जेवणात मटण-कोंबडी असते आणि दूध-मांस एकत्र चालत नाही. स्निग्धपणा नारळाचाच. गूळ वापरणारी घरंही आहेत, चव छान येते, फक्त गूळ बारीक किसून घ्या.

ताटात रास मधोमध आणि फळं भोवती रचतात. आशीर्वाद प्रत्येक प्रकारावर वेगळे असल्याने तुकडे एकमेकांत मिसळू देऊ नका: खजूर, सफरचंद, चिकू ही झाडाची फळं, केळं मात्र जमिनीतून उगवणाऱ्यांत धरतात, पोह्यांचा आशीर्वाद वेगळा, सुवासाचा वेगळा. «एलियाहू हन्नाबी» म्हणून झाल्याशिवाय कुणी तोंडात टाकायचं नाही. लहान मुलांसाठी बाजूला वेगळी केळी ठेवा.

किद्दुशच्या सरबताला: काळ्या मनुका अर्धा किलो, पाणी 2 लिटर. मनुका धुऊन चार-पाच तास भिजवा, त्याच पाण्यात वाटा, फडक्यातून गाळा. मनुका पाण्याच्या एकषष्ठांशाहून जास्त असल्याच पाहिजेत, नाहीतर त्यावर द्राक्षरसाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. गाळणं शुक्रवारी दिवसा आटपा, शब्बाथला पिळणं चालत नाही. फ्रीजबाहेर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत फसफसतं.

मलिदा कशासाठी करतात, तर मिला, नवं घर, परीक्षा, लग्नाच्या आधी, फेडायचा नवस, आणि तू बिश्वातला (झाडांच्या नववर्षाला) एलियाहू हन्नाबींच्या नावाने. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबींच्या स्थानी जाऊन नवस फेडणाऱ्यांनी सामान इथूनच न्यावं.

9. बार मिस्वा शनिवारीच करायचा का?

गरज नाही. तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. शब्बाथला तेफिल्लीन (प्रार्थनेच्या वेळी हातावर आणि कपाळावर बांधायच्या चामडी डब्या) बांधत नाहीत, फोटो काढता येत नाहीत, आणि लांबून येणाऱ्यांना गाडीने येऊ नका असं सांगायची वेळ येते. म्हणून तेफिल्लीन पहिल्यांदा बांधायचा कार्यक्रम सोमवारी किंवा गुरुवारी धरणं सोयीचं. शाळेची सुट्टी बघून तारीख ठरवा, पण हिब्रू पंचांगाने तेरा वर्षं पूर्ण होण्याच्या आत नको.

तयारीला आठ-नऊ महिने लागतात. मुलगा डावखुरा असेल तर तेफिल्लीन उजव्या हाताला बांधतात, त्यामुळे विकत घेण्याआधीच सांगा, गाठ वेगळी असते. साध्या वर्षातल्या अदार महिन्यात जन्मलेल्या मुलाचं तेरावं वर्ष अधिक महिन्याच्या वर्षात पूर्ण होत असेल, तर बार मिस्वा दुसऱ्या अदारमध्ये. मुलीचं बाथ मिस्वा बारा पूर्ण झाल्यावर.

10. लग्नाची तारीख आणि कागदपत्रं?

हॉल बुक करण्याआधी हजानना विचारा. शब्बाथ आणि सण सोडा, पेसाहच्या सणात दुसऱ्या रात्रीपासून ओमरचे दिवस मोजतात, त्यातले पहिले 33 दिवस सोडा, 17 तम्मूझपासून 9 आव (हे हिब्रू महिने; 9 आव म्हणजे बिर्ड्याचा रोजा, उपासाचा दिवस) पर्यंतचे तीन आठवडे सोडा. नेमके हेच दिवस एप्रिल-मेच्या सुट्ट्यांत आणि जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आणि हॉलचा आगाऊ भरलेला पैसा परत मिळत नाही.

साक्षीदार दोन: प्रौढ, शब्बाथ पाळणारे, नवरा-नवरीच्या किंवा एकमेकांच्या नात्यातले नसलेले. प्रेमापोटी मामांना सही करायला लावतात, आणि केतुबा दुसऱ्यांदा लिहावा लागतो. अंगठी साधी, खडा नसलेली, आणि नवऱ्याच्या स्वतःच्या पैशाने घेतलेली.

केतुब्यावरची तारीख हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. संध्याकाळी सहाचं लग्न, वरपक्ष घोडबंदरच्या वाहतुकीत अडकला, सूर्य मावळला, आणि हिब्रू तारीख बदलली. मागची तारीख घातलेला केतुबा चालत नाही. साक्षीदारांच्या सह्या सूर्यास्ताआधी झाल्या तर विधी रात्री झाला तरी हरकत नाही. म्हणून साक्षीदार पाच वाजताच सिनेगॉगमध्ये हवेत. नाहीतर सरळ दुसऱ्या दिवसाची तारीख लिहा.

मेहंदी आदल्या रात्री. नवरी आत येताना नवरा तेब्यावरून (प्रार्थनेच्या चौथऱ्यावरून) «योनाथी झिव» हे गाणं म्हणतो, त्याची महिनाभर तालीम करा, माइक नसतो. नंतर महापालिकेत विवाह नोंदणी करून घ्या, 90 दिवसांच्या आत. नोंदणीला हजानची सही लागते, ती लग्नाच्या दिवशीच घ्या.

11. जोडीदार ज्यू नाही. सिनेगॉगमध्ये लग्न होईल का? मुलांचं काय?

सिनेगॉगमध्ये होत नाही. विशेष विवाह कायदा, 1954 खाली नोंदणी करता येते, त्यात 30 दिवसांची नोटीस असते. धर्मशास्त्रात मूल आईकडून ज्यू ठरतं. आई ज्यू असेल तर मुलाचा मिला, बार मिस्वा नेहमीसारखाच, कुणी आडकाठी केली तर सिनेगॉगच्या समितीकडे बोला. वडील ज्यू आणि आई ज्यू नसेल तर मुलांना आधी गेरूत (ज्यू धर्मात प्रवेश) करावं लागतं, तेही तीन दयानांच्या (धर्मन्यायाधीशांच्या) बेथ दिनसमोर (धर्मन्यायालयासमोर), आणि त्याला वेळ लागतो. लग्नानंतर येणं बंद करू नका. सणाला सगळ्यांना जागा आहे.

12. कोर्टाचा घटस्फोट झालाय. पुन्हा लग्नाला तेवढा पुरे?

नाही. गेट (ज्यू घटस्फोटपत्र) हवाच, नवऱ्याने दिलेला आणि बायकोने घेतलेला, बेथ दिनच्या देखरेखीखाली लिहिलेला. गेटशिवाय दुसरं लग्न लावता येत नाही. 1961 ते 1964 या काळात इस्रायलच्या रब्बिनेटने (मुख्य धर्मपीठाने) बेने इस्राएलांच्या लग्नांना अडचण केली, तेव्हा मुख्य आक्षेप जुन्या घटस्फोटांच्या पद्धतीवरच होता. 1964 मध्ये आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचं तिथे मान्य झालं, तरी मुलं तिकडे लग्नाला उभी राहतात तेव्हा कागद आजही मागतात. केतुबा आणि गेट लॅमिनेट करू नका, स्कॅन करून मूळ प्रत जपा.

13. घरात मृत्यू झाला. पहिल्या तासात काय करायचं?

आधी डॉक्टर. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला फॉर्म 4-अ वर, हॉस्पिटलमध्ये फॉर्म 4 वर. हा कागद नसेल तर कब्रस्तानात दफन होत नाही. शेवटच्या काळात ज्या फॅमिली डॉक्टरांकडे उपचार चालू होते, त्यांचा नंबर म्हणूनच घरात सगळ्यांना माहीत हवा.

लगेच दुसरा फोन सिनेगॉगला, मध्यरात्री असला तरी. त्यांना चार गोष्टी सांगा: हिब्रू नाव, वेळ (सूर्यास्ताआधी की नंतर), पत्ता आणि मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का. शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही आणि माणसं खाली अडकतात.

डोळे मिटावेत, जमिनीवर पाय दाराकडे करून निजवावं, डोक्याशी दिवा लावावा, देह एकटा ठेवू नये. हार-फुलं आणू नका.

तहारा (दफनाआधी देहाचं विधीपूर्वक स्नान): पुरुषांची पुरुष करतात, बायकांची बायका. कोमट पाण्याने धुऊन झाल्यावर साधारण 23 लिटर पाणी अखंड धारेने ओततात. तीन बादल्या, तीन माणसं. पहिलीची धार संपायच्या आत दुसरीची सुरू झाली पाहिजे. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. कफन साध्या पांढऱ्या सुती कापडाचं, खिसा नसलेलं. हे काम शिकलेल्या बायका आता फार कमी उरल्या आहेत. चाळीस-पन्नाशीतल्या ज्यांची तयारी असेल त्यांनी कृपया नाव द्यावं, ही विनंती मनापासून आहे.

आईवडिलांसाठी घरचे अंगावरचा कपडा डाव्या बाजूला, हृदयावर, फाडतात. भाऊ, बहीण, जोडीदार, अपत्य यांच्यासाठी उजव्या बाजूला. महापालिकेत मृत्यू नोंदणी 21 दिवसांच्या आत.

14. मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला आहे. त्याच्यासाठी दफन थांबवता येईल का?

शक्य तितक्या लवकर दफन व्हावं हाच नियम. सख्ख्या मुलासाठी थोडी वाट बघण्याची सवलत आहे, पण विमानाची तिकिटं हातात असतील तरच. शब्बाथला आणि दारफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी), दफन होत नाही. शुक्रवारी दुपारी उशिरा मृत्यू झाला तर रविवारीच. अशा वेळी शुक्रवारी सूर्यास्ताआधी शवागाराची व्यवस्था करा.

जो येऊ शकत नाही, त्याने तिथेच सात दिवस शोकात बसावं. त्याचे दिवस बातमी कळल्यापासून सुरू होतात.

15. शिवाच्या (दफनानंतरच्या शोकाच्या) सात दिवसांत आम्ही, बाहेरच्यांनी, काय करायचं?

दफनानंतरचं पहिलं जेवण दुःखातल्या घरचं नसतं. ते आपण न्यायचं: उकडलेली अंडी, मसूर, पोळ्या. दहा-बारा जणांचं पुरतं. पहिल्या दिवशी पाच घरांनी जेवण आणायचं आणि पाचव्या दिवशी कुणीच नाही, असं होतं. एका बाईने यादी करावी, प्रत्येक घराला एक वेळ वाटून द्यावी.

दफनाचा दिवस पहिला धरतात, सूर्यास्ताला दहा मिनिटं उरली असतील तरी. शब्बाथही मोजतात, पण त्या दिवशी खाली बसत नाहीत. मध्ये मोठा सण आला तर शिवा तिथेच संपतो. सोसायटीत वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक येणाऱ्याला खालून इंटरकॉम होतो. बसल्यावर आपण आधी बोलायचं नाही, घरचे बोलले तर ऐकायचं. जियारतीच्या (गेलेल्याच्या स्मरणाच्या) मलिद्याचं प्रमाण प्रश्न 8 मधलंच.

16. कद्दीश किती दिवस, आणि पुण्यतिथी कोणत्या तारखेची?

आईवडिलांसाठी अकरा महिने. पुण्यतिथी हिब्रू तारखेने. रात्री नऊला गेलेल्या माणसाची तारीख दुसऱ्या दिवसाची धरतात. अदारमध्ये गेलेल्यांची, अधिक महिन्याच्या वर्षी, आपल्या सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रिवाजाप्रमाणे दुसऱ्या अदारमध्ये. आदल्या संध्याकाळी दिवा लावा आणि हश्काब्यासाठी नाव आठवडाआधी द्या.

17. दारफळणीच्या सणाला टेंभी नाक्यापर्यंत पोचायचं कसं?

तिश्री (आपला सणांचा हिब्रू महिना) आणि आश्विन बरेचदा एकत्र येतात. 2025 मध्ये रोश हशानाची (हिब्रू नववर्षाची) संध्याकाळ आणि घटस्थापना एकाच दिवशी, 22 सप्टेंबरला होती, आणि योम किप्पूर दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला. 2023 मध्ये अधिक श्रावण असल्याने दोन्हींत महिनाभराचं अंतर होतं. ज्या वर्षी तारखा जुळतात, त्या वर्षी टेंभी नाक्याची नवरात्र ऐन भरात असते आणि वाहतूक वळवलेली असते. संध्याकाळच्या प्रार्थनेला तास-दीड तास आधी निघा, गाडी स्टेशनच्या बाजूला सोडून चालत या. वयस्कर आणि उपास धरणाऱ्यांची त्या रात्री जवळच्या घरांत झोपायची सोय होऊ शकते. जागा देऊ शकणाऱ्यांनी तिश्रीच्या आधीच्या एलूल महिन्यातच कळवावं.

18. ज्यू नसलेल्या शेजाऱ्यांना बोलावलं तर चालेल?

जरूर बोलवा. पुरुषांनी डोकं झाकावं, शब्बाथला मोबाइल बंद, घरून शिजवलेलं आणू नये, फळं आणावीत.

19. आईबाबा ठाण्यात एकटे असतात, आम्ही सगळे बाहेर. त्यांची जबाबदारी कोणी घ्यायची?

जबाबदारी तुमचीच, धावपळ आमची. त्यासाठी घरात एक जाड पाकीट ठेवा. त्यात आधार कार्डाची प्रत, दोघांची हिब्रू नावं, डॉक्टरांचा नंबर, औषधांची यादी, मेडिक्लेमचा नंबर, तुमचा परदेशातला नंबर आणि रात्री उचलला जाणारा दुसरा एक, आणि दफनाबद्दल त्यांची काही इच्छा असेल तर त्यांच्याच हाताने लिहिलेली. पाकीट कुलपात नको, फ्रीजवर किंवा दाराच्या मेझुझाजवळच्या (चौकटीवरच्या धर्मवचनाच्या डबीजवळच्या) खिळ्याला. चावीची एक प्रत मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आणि एक समाजातल्या कुणाकडे. दोघांपैकी कुणी दोन शब्बाथ दिसलं नाही तर घरी कोण जाईल, त्याचं नाव आत्ताच ठरवा आणि त्या माणसाला तसं सांगून ठेवा. दर वर्षी रोश हशानाच्या आधी पाकीट उघडून नंबर तपासा.